सगीरा मॅडम आणि जुन्या बाकांचं लाकूड

सगीरा शेख आमच्या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी शिक्षकखोलीत सगळ्यांनी त्यांना शिवणकामाच्या नव्या बाई समजून टाकलं. मीही तेच समजले. मी मोनाली, या शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या एका शिलाई मशीनचा पट्टा बरेच दिवस तुटून पडला होता. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "चला, तुम्हाला मशीन दाखवते."

त्या हसल्या. "बघते की. पण मी सुतारकामाची निदेशक आहे, मॅडम. माझी कार्यशाळा कुठंय ते आधी दाखवा."

बारीक अंगाची, चष्मा लावलेली, डोक्यावर फिकट निळी ओढणी घेतलेली ही बाई रंधा मारणार, हे कुणाच्या डोळ्यांपुढं येईना.

आमची शाळा मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नववी-दहावीच्या मुलांना इथं पूर्वीपासून तांत्रिक विषय घेता येतो. पण सुतारकामाचे जुने निदेशक निवृत्त झाले आणि तो वर्ग बंद पडला तो पडलाच. मागचं पत्र्याचं शेड मोडके बाक टाकायची जागा झाली. त्याची किल्ली सखाराम मामांकडं असायची. सखाराम मामा म्हणजे आमचे शिपाई. दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागते आणि आडवंही व्हावं लागतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर ते कधी बसत नाहीत. "तिचं आयुष्य कशाला कमी करू?" म्हणतात.

मामांनी कुलूप उघडलं. आत पार छतापर्यंत बाक रचलेले. कुणाचा पाय नाही, कुणाची पाठ नाही. धुळीनं सगळ्यांना शिंका आल्या.

"मॅडम, ह्ये कार्यशाळा नाय ऱ्हायली आता," मामा म्हणाले. "भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. येईल तो उचलायला."

सगीरा मॅडमनी पर्समधून एक लहानशी पटाशी, लाकूड तासायचं हत्यार, काढली. पर्समध्ये पटाशी ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. एका फळीवर शाईचे डाग, कोरलेली नावं, कुणाचा तरी बाण मारलेला बदाम होता. त्यांनी त्यावरून पटाशी खरवडली. काळपट थराखालून मधासारखा रंग वर आला. त्यांनी फळीला नाक लावलं.

"मामा, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा. हे सागवान आहे. इतकी वर्षं मुरलेलं. असं लाकूड बाजारात आता मागून मिळत नाही."

तिथून सगळं सुरू झालं.

पुढं आमची मैत्री झाली, तेव्हा त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांत कळली. त्या हर्सूलच्या. त्यांचे अब्बा, रहीमचाचा, यांचं सिटी चौकाजवळ बांगड्यांचं छोटं दुकान. घरात लाकडाशी कुणाचा संबंध नाही. बारावीनंतर सगीरा आयटीआयमध्ये शिवणकामाला नाव घालायला गेली. तिथल्या जागा भरलेल्या. खिडकीतल्या माणसानं सहज म्हटलं, "सुतारकामात जागा आहेत, पण तो पोरांचा ट्रेड आहे."

"मुलींना बंदी आहे का?" तिनं विचारलं.

"बंदी नाही."

"मग घाला नाव."

का घातलं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही. "रिकाम्या हातानं घरी जायचं नव्हतं," एवढंच म्हणतात. पहिल्या आठवड्यात एक ओबडधोबड ठोकळा रंध्यानं चारी बाजूंनी सपाट करायचं काम मिळालं. बाकीची मुलं करून मोकळी झाली. सगीराच्या तळहातांना फोड आले, फुटले, तरी ठोकळ्याची एक बाजू वाकडीच राही. तिनं तो घरी आणला आणि गच्चीत बसून घासला. शेवटी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला तेव्हा पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसेना. तो उजेड बंद झालेला पाहिला आणि आपल्याला हेच काम करायचंय हे तिला कळून चुकलं.

रहीमचाचांनी अडवलं नाही, पण कुणी विचारलं तर "बेटी आयटीआय में है" एवढंच सांगायचे. कशात आहे ते सांगायचे नाहीत. सगीरा पास झाली, चिकलठाण्याकडं एका फर्निचरच्या कारखान्यात लागली. तिथं तिला मशीनला हात लावू देत नसत. पॉलिश पेपर घासायला बसवलं. घासता घासता तिनं प्रत्येक सांधा जवळून पाहिला. पुढं एक कारागीर सुट्टीवर गेला, ऑर्डर अडली, तेव्हा मालकानं नाइलाजानं तिला उभं केलं. परत बसवायची वेळ आली नाही. निदेशकाचं प्रशिक्षणही तिनं नोकरी करत पूर्ण केलं, आणि आमच्या शाळेची जागा निघाली तशी अर्ज केला.

पहिलं सत्र मुलांनी एकही वस्तू केली नाही. नुसते बाक सोडवले, खिळे उपसले, फळ्या खरवडल्या, गंजलेल्या हत्यारांना धार लावली. मुलं कंटाळली. शिवम नावाचा एक जण तर म्हणाला, "मॅडम, खुर्ची कवा करायची?"

"कुणासाठी करणार?" मॅडमनी विचारलं.

"कुणासाठी म्हंजे? खुर्ची म्हंजे खुर्ची."

"खुर्ची दुकानात मिळते. माणूस ठरव, मग बोलू."

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी नववीच्या वर्गाला सांगितलं, की प्रत्येकानं आपल्या ओळखीचा एक माणूस निवडायचा. त्याच्याकडं जायचं. तो कसा बसतो, उठताना काय धरतो, हात कुठवर पोचतो, हे बघायचं, मोजायचं. मग त्याच्यासाठी अशी एक वस्तू करायची, जी त्याला विकत मिळणार नाही. चित्रं काढून घ्यायला त्यांनी मला बोलावलं. शेडमध्ये मी मुलांबरोबर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आराखडे काढू लागले, आणि माझ्या तासाला झोपणारी पोरं तिथं पेन्सिलीसाठी भांडताना पाहिली.

जुनेदनं आपली धाकटी बहीण आफरीन निवडली. त्यांचं घर एका खोलीचं. आफरीन पलंगाच्या काठावर वही ठेवून, कंबरेत वाकून अभ्यास करायची. टेबल ठेवायला जागाच नाही. जुनेदनं भिंतीला बिजागऱ्यांवर टांगायचं टेबल योजलं. पाडलं की टेबल, वर उचललं की भिंतीला सपाट चिकटणार आणि खालची बाजू फळा होणार. खाली पाडताना बोट चेमटू नये म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना पोपटाच्या आकाराच्या लाकडी खिट्ट्या बसवल्या. पोपटाची चोच फिरवल्याशिवाय टेबल सुटायचं नाही.

राजनंदिनी कन्नडची. शिक्षणासाठी मुकुंदवाडीत मावशीकडं राहायची. वर्गात तिचा आवाज ऐकू यायचा नाही. तिनं आपली आजी निवडली. साळूबाई कन्नडच्या आठवडी बाजारात भाजी विकतात. दिवसभर पोत्यावर बसायचं आणि उठताना शेजारणीच्या खांद्याला धरायचं, कारण गुडघे वाकलेले सरळ होत नाहीत. राजनंदिनीनं पाठीवर घेता येईल अशी घडीची बैठक काढली. उलगडली की पोत्यापेक्षा बरीच उंच आणि खुर्चीपेक्षा बुटकी, म्हणजे भाजीपर्यंत हात पोचेल आणि गुडघाही अडणार नाही. बसायच्या फळीखाली तराजू आणि वजनं ठेवायला खण.

"एवढी उंची कशी ठरवली?" मी विचारलं.

"आज्जीला विटांवर बसवलं," ती म्हणाली. "एक एक वीट वाढवत गेले. जिथं ती हात न लावता उठली, तिथं थांबले."

आणि विश्वजीतनं निवडले आपले आजोबा. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा हात-पाय जड झाला होता. बसले की उठवायला दोघं लागायचे. विश्वजीत हा वर्गातला सर्वांत हुशार हात. त्यानं काढलेली खुर्ची फार देखणी होती. मागचे पाय हरणासारखे किंचित मागं झुकलेले, आणि हात पुढं लांब आलेले, टोकाला गोल मूठ. त्या मुठी धरून, भार देऊन आजोबांनी स्वतःच्या स्वतः उठायचं. मला त्या खुर्चीचं इतकं कौतुक वाटलं, की मी तिचं चित्र काढून शिक्षकखोलीत लावलं.

मॅडमचा एक नियम मात्र कडक होता. वस्तू ज्याची त्याच्या घरी जायच्या आधी तिच्यावर सखाराम मामांनी बसायचं. नुसतं बसायचं नाही. उठायचं, रेलायचं, भार द्यायचा, हलवायचं.

"लई जबाबदारीचं काम दिलंय मला," मामा मिशीवर हात फिरवत सांगायचे. परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा गणवेश घालून आले. मुलं भिंतीला पाठ लावून उभी. राजनंदिनीच्या बैठकीवर मामा बसले तेव्हा तिनं डोळेच मिटले. बैठक हूं का चूं करेना. मामा उठले आणि म्हणाले, "पास." मग शिवमच्या बाकड्यावर, मग श्रेयाच्या स्टुलावर. एक एक पास होत गेलं. टाळ्या वाढत गेल्या.

विश्वजीतची खुर्ची शेवटी ठेवली होती. मामा ऐटीत बसले. "राजावाणी वाटतंय," म्हणाले. मग उठण्यासाठी त्यांनी दोन्ही मुठींवर भार दिला.

कडाड असा आवाज झाला. खुर्चीचा उजवा हात मुळातून निघाला आणि मामा कुशीवर फरशीवर आदळले.

आम्ही धावलो. मामांचं मनगट सुजत चाललं होतं. सगीरा मॅडमनी ओढणीनं ते बांधलं आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात जाण्यापूर्वी त्या क्षणभर खुर्चीपाशी वाकल्या, तेव्हा मीही पाहिलं. जिथं खाचेत दुसऱ्या लाकडाची जीभ घट्ट बसलेली हवी, तिथं तसं काही नव्हतंच. दोन स्क्रू होते आणि वरून लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरून रंग जुळवलेला होता. विश्वजीत पांढराफटक पडून उभा होता. मॅडम मामांना घेऊन रिक्षात बसल्या.

मामांच्या मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक काळे सरांनी आम्हाला बोलावलं. बद्रीनाथ काळे म्हणजे सरळ माणूस, पण शाळेत काही विपरीत घडलं की त्यांना झोप लागत नाही.

"सगीरा मॅडम, काम तुमचं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आज मामा पडले, उद्या एखादं लेकरू पडलं तर मी पालकांना काय सांगू? सध्या शेडला कुलूप लावा."

"सर, वस्तू मोडायची असेल तर ती शेडमध्येच मोडावी, म्हणूनच तर ती परीक्षा आहे."

"ते मला कळतं. लोकांना नाही कळणार."

कुलूप लागलं. मुलं मधल्या सुट्टीत शेडच्या खिडकीतून आत डोकावून जायची. विश्वजीत शाळेतच येईना. चार-पाच दिवस वाट पाहून मॅडम मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." आम्ही त्याच्या घरी गेलो.

दारातच आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. विश्वजीत आतल्या खोलीत, बाहेर यायला तयार नाही. मॅडमनी त्याला हाक मारली नाही. त्या आजोबांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्याशीच बोलू लागल्या. आजोबांची जीभ झटक्यानंतर जड झालेली. त्यांनी मॅडमच्या हातावरचे घट्टे पाहिले, चांगल्या हातानं त्यावर थोपटलं आणि मोठ्या कष्टानं विचारलं, "माझी... खुर्ची... झाली?"

आतून हुंदका ऐकू आला. मग विश्वजीत बाहेर आला.

"मॅडम, मामांच्या जागी आजोबा असते तर?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "मी खाच पाडली होती तिथं. तिरकी गेली. माझी खाच कधी तिरकी जात नाही, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला दाखवायची लाज वाटली. म्हणून कापून टाकलं सगळं आणि स्क्रू मारले."

"माझ्या किती खाचा तिरक्या गेल्यात, माहितीय?" मॅडम म्हणाल्या. "एक बाजू सरळ करायला मला आठवडा लागला होता. खाच चुकणं हे सुतारकामच आहे, बाळा. लपवलीस, तिथं चुकलास. आणि माझीही नजर चुकली. त्या लांबीवरून मी हात फिरवला होता, टोचून बघितलं नाही. तेव्हा दोघांनी मिळून दुरुस्त करू. येतोस?"

तो डोळे पुसत चपला शोधू लागला.

काळे सरांच्या खोलीत विश्वजीतनं सगळं उभ्यानं सांगितलं, एक शब्द न लपवता. सर ऐकत होते, पण "बघू" याच्या पलीकडं जाईनात. तेवढ्यात दारातून मान वाकवून सखाराम मामा आत आले. हात गळ्यात बांधलेला.

"साहेब, एक विचारू का?"

"बोला."

"पडलं कोण? म्या. हाड कुणाचं चिरलं? माझं. मग तक्रार करायचा हक्क कुणाचा?"

"तुमचा, मामा."

"तर मी ती करत नाय. कुलूप काढा. ह्या पोरानं पुन्हा खुर्ची करायची. आन तिच्यावर पयलं बसणार म्याच. दुसऱ्या कुणाला बसू देनार नाय."

काळे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा लावला. मग त्यांना हसू आलं. "किल्ली तुमच्याकडंच आहे ना मामा? मग मला कशाला विचारता?"

विश्वजीतनं खुर्चीचे दोन्ही हात नव्यानं केले. पहिली खाच पुन्हा तिरकी गेली. त्यानं ती उचलून सगळ्या वर्गाला दाखवली आणि बाजूला ठेवली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, त्या वळून उगाच करवतीची धार बघू लागल्या. पुढची खाच बरोबर आली. जीभ खाचेत लाकडी हातोड्याच्या ठोक्यानं अशी बसली, की रंग न लावताही रेघ शोधावी लागत होती.

मामा आले. प्लास्टर अजून होतंच. एका हातानं एकाच मुठीवर सगळा भार देऊन ते उठले. मग दुसऱ्या बाजूला वळून कोपरानं दुसरी मूठ दाबली. मग पुन्हा बसले आणि म्हणाले, "पास. आता मला उठवू नका, चहा हितंच आना."

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवलं. सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या मैदानात कडुनिंबाच्या सावलीत. काळे सर प्रमुख पाहुणा कोण बोलवायचा या विचारात होते. मॅडम म्हणाल्या, "सर, ज्यांच्यासाठी केलंय तेच पाहुणे. भाषण नको. प्रत्येकानं आपल्या वस्तूवर बसायचं, बस." सरांना ते पटलं, आणि हार-तुरे आणायला निघालेल्या शिक्षकांना त्यांनी माघारी बोलावलं.

आफरीन आली. जुनेदनं टेबल व्हरांड्याच्या भिंतीला टांगून ठेवलं होतं. तिनं पोपटाची चोच फिरवली, टेबल अलगद खाली आलं. तिनं ते पुन्हा वर केलं, फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत भावाचं नाव लिहिलं, आणि जमलेल्या माणसांकडं वळून म्हणाली, "भाईने बनाया. मेरे वास्ते." जुनेद मान खाली घालून हसत होता आणि त्याचे वडील एकेका माणसाला धरून आणून पोपट दाखवत होते.

विश्वजीतच्या आजोबांना रिक्षातून आणलं. दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. आजोबांनी दोन्ही मुठींवरून हात फिरवला. मग सगळ्यांना बाजूला व्हायची खूण केली. उजवा हात घट्ट रोवला, डावा जमेल तसा टेकवला, पुढं झुकले, आणि हळूहळू उभे राहिले. एकटे. ते पुन्हा बसले. पुन्हा उठले. विश्वजीतची आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि आजोबा लहान मुलासारखे "पुन्हा... पुन्हा" म्हणत बसत-उठत होते.

रहीमचाचाही आले होते, इस्त्रीच्या कुर्त्यात, बरोबर शेजारचे एक दुकानदार. चाचा बराच वेळ एकेक वस्तू खालून-वरून पाहत फिरले. बांगडी पारखावी तसं बोटानं लाकडावर टिचकी मारून ऐकत होते. शेजारी म्हणाले, "रहीमभाई, आपकी बेटी टीचर है ना इधर?"

"टीचर भी है," चाचा म्हणाले. मग आवाज चढवून, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुतार है मेरी बेटी. ये सब बच्चे उसके हाथ के नीचे तैयार हुए."

सगीरा मॅडम जवळच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या अब्बांकडं गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या, पण त्या दिवशी दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता.

साळूबाई तेवढ्या प्रदर्शनाला येऊ शकल्या नाहीत. घरचा वाल तोडणीला आला होता. म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी राजनंदिनी, सगीरा मॅडम आणि मी कन्नडच्या एसटीत बसलो. घडी केलेली बैठक राजनंदिनीच्या पाठीवर. कंडक्टर म्हणाला, "काय गं, दप्तर लाकडाचं निघालं काय आता?" ती, कधी न बोलणारी पोरगी, म्हणाली, "दप्तर नाही काका, आज्जीची गादी आहे."

बाजारात साळूबाई पोत्यावर बसल्या होत्या, पुढ्यात वाल, मिरच्या, कोथिंबीर. नातीनं बैठक उलगडून ठेवली. म्हातारी बसायला तयार होईना. "नवी करकरीत हाय गं. चिखल लागंल."

"लागू दे की आज्जी. पुसता येतं."

शेवटी बसल्या. एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी खणातून तराजू काढला, मिरच्या तोलल्या, आणि सुट्टे पैसे आणायला सवयीनं शेजारणीचा खांदा शोधत उठल्या. हात खांद्यापर्यंत गेलाच नाही. त्या आधीच उभ्या होत्या. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "अगं बया," म्हणाल्या, आणि पुन्हा बसून पुन्हा उठून पाहिलं.

मग शेजारची कांदेवाली आली. "म्या बी बसून बघू का गं साळू?" तिच्यामागं लसूणवाली. बघता बघता बायकांची रांग लागली. बाजारात औतं-बैलगाड्यांचं काम करणारा एक वयस्कर सुतार गर्दी पाहून थांबला. "कुठल्या दुकानातून आणली?"

"दुकानातून नाय," साळूबाई ताठ होऊन म्हणाल्या. "माझ्या नातीनं केली. सोताच्या हातानं."

"ही पोरगी?" तो हसला. "खरं सांग, बाई."

"खरंच सांगती म्या. इचार तिच्या मॅडमला."

त्यानं बैठक उलटी केली, सांध्यांवरून अंगठा फिरवला, बिजागरीची उघडझाप केली. मग मॅडमकडं वळून म्हणाला, "खाच चांगली पाडलीय."

"मला नका सांगू, काका," मॅडम म्हणाल्या. "तिला सांगा."

तो राजनंदिनीकडं वळला. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराशी बोलावं तसं, जरा मान झुकवून म्हणाला, "पोरी, हात चांगला हाय तुझा." राजनंदिनीनं मान खाली घातली नाही, सरळ त्याच्याकडं पाहिलं. साळूबाईंनी तेवढ्यात तिच्या ओंजळीत वालाच्या शेंगा ओतल्या आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजून कुणाला बगायची हाय का?"

परतीच्या एसटीत राजनंदिनी आमच्या खांद्यांवर डुलत झोपून गेली. वेरूळ मागं पडेपर्यंत मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मोनाली मॅडम, आज मला लई भारी वाटतंय." त्या असं बोलत नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला. हातावरच्या घट्ट्यांच्या भेगांत लाकडाचा बारीक भुसा मुरलेला होता.

यंदा नववीच्या सुतारकामाला इतक्या मुलामुलींनी नावं दिली, की काळे सरांना दोन तुकड्या कराव्या लागल्या. जुने बाक संपत आलेत. हर्सूलला एक जुना दवाखाना पाडतायत, त्याची दारं सागवानी आहेत असं मॅडमना कळलंय. रविवारी त्या, विश्वजीत आणि सखाराम मामा टेम्पो घेऊन ती दारं आणायला जाणार आहेत.